मासे, दूध आणि आईचा उजवा हात

आमच्या घरात मासे शिजले की दूध घराबाहेर जायचं. सकाळची धार डेअरीला घालून घरापुरतं जे लिटरभर उरायचं, ते पातेलं आई शेजारी चुलतीकडे नेऊन ठेवायची. दही, ताक, विरजणाचं भांडंही तिकडंच. मासे घरातल्या चुलीवर शिजत नसत. मागच्या अंगणात तीन दगड मांडलेले होते, त्यावर एक काळी कढई, ती फक्त त्याच कामाची. त्या दिवशी सगळ्यांना कोरा चहा. पाहुणा आला तरी कोरा. संध्याकाळच्या धारेआधी आई कोपरापर्यंत राखेनं हात घासायची. हाताचा वास दुधाला लागला तर पिणाऱ्याच्या अंगावर कोड फुटेल, असं ती म्हणायची. पिणारा कोण ते आम्हाला माहीत नव्हतं. डेअरीचा टँकर दूध घेऊन कुठं जातो ते कोणी विचारलं नव्हतं. तरी त्या माणसाला कोड फुटू नये म्हणून आई हात घासायची.

गाव मुळा धरणाच्या पाण्याच्या कडेला आहे. मासे धरणाचे, दूध घरचं. दोन्ही भरपूर, म्हणून हा नियमही कडक. लहानपणी मला तो नियम वाटतच नव्हता. दिवसा ऊन असतं तसा माशांच्या दिवशी कोरा चहा असतो, एवढंच.

वडील मी नववीत असताना गेले. दीड एकर जमीन आणि दोन म्हशी राहिल्या. आईनं धारा काढून मला बी.एस्सी., बी.एड. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. दारावरच्या पाटीवर माझ्या नावापुढं दोन्ही पदव्या लिहिलेल्या आहेत. गावात काही जण त्या पाटीला हसतात, हसू देत. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि चांगलं शिकवतो.

आई मूठ वळून धार काढायची. दोन बोटांच्या चिमटीनं सड ओढणाऱ्या बायकांना ती नावं ठेवायची. तसं केलं की सड सुजतो आणि म्हैस लाथा मारायला लागते. मूठ म्हणजे वरून खाली एकेक बोट मिटत गेलं पाहिजे, दाब सारखा पाहिजे, कमी नाही जास्त नाही. त्या उजव्या मुठीवर आमचं घर चाललं. ती मूठ राहते की जाते, एवढ्याचंच हे लिहिणं आहे.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. त्यानंतरच्या एका रविवारी मी मरळ आणली. जेवण झालं आणि मी बायकोला चहा मागितला.

"कोराच हाय," ती म्हणाली. "आत्याबाईंनी दूध तिकडं नेलंय."

"मग घेऊन ये."

"मी न्हाई आनत. तुमची आई, तुमचं दूध. मला कशाला मधी घालता?"

मी उठलो, चुलतीच्या घरात गेलो, पातेलं उचललं. चुलती मागोमाग आली. अंगणात सगळ्यांसमोर मी पेला भरला आणि उभ्याउभ्या प्यालो. तोंडाला माशाचा वास तसाच होता.

"आता बघू कुठून पांढरं व्हायला लागतंय ते," चुलती म्हणाली. "गुरुजी, उद्या वर्गात जायच्या आधी आरशात बघा बरं का. पोरं वळखायची न्हाईत."

सगळे हसले. आई हसली नाही. मी तिला समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं. दूध प्रथिन, मासाही प्रथिन, पोटात गेल्यावर दोन्ही एकाच आम्लात पचतात. कोडाचा संबंध त्वचेतल्या रंगपेशींशी आहे, जेवणाशी नाही. आई ऐकत होती. मला काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी नाही आणि महिन्यानंही नाही. मग दर माशांच्या रविवारी मी मुद्दाम दुधाचा चहा प्यायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या वेळी आई आपण होऊन म्हणाली, "माझा बी दुधाचाच कर गं. पोरगं येवढं शिकलं ते काय खोटं सांगंल?"

त्या दिवशी मला झालेला आनंद पदवी हातात पडली तेव्हापेक्षा कमी नव्हता. शाळेत स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट सांगितली. अंधश्रद्धेवरच्या भाषणातही सांगितली. माझ्या आईनं प्याला तो चहा, असं म्हणालो की पोरं टाळ्या वाजवायची.

असं दोन वर्षं चाललं. मग मासे हळूहळू बंद झाले. आई म्हणायची, "मला नगं, उपास हाय." तिचे उपास वाढत चालले होते, आम्ही मोजले नाहीत. दूधही ती घेत नव्हती, दही नाही, वांगं नाही. गूळ घातलेलं दूध तिला फार आवडायचं, तेही नाही. आधी लांब बाह्यांचं पोलकं ती फक्त लग्नाकार्यात घालायची, आता गोठ्यातही तेच. म्हातारपण आलं असेल असं मला वाटलं. ती तेव्हा साठीचीही नव्हती.

बायकोनं मला सांगितलं ते आई न्हाणीत केस धूत असताना. "अहो, आत्याबाईंच्या हातावर कायतरी हाय. दोन ठिकानी."

ती बाहेर आल्यावर मी तिच्या उजव्या हाताची बाही वर करून पाहिलं. कोपराच्या खाली, आतल्या अंगाला, एक चट्टा तळहाताएवढा आणि एक त्याहून लहान. रंग ताकासारखा. कडेला जरा तांबूस.

"कधीपासून आहे?"

"हाय आपलं," आई म्हणाली आणि बाही खाली ओढली.

मी मोबाईलवर फोटो काढला. इंटरनेटवर कोडाचे फोटो काढून शेजारी ठेवले. जुळत होते, म्हणजे मला जुळल्यासारखे वाटले. मी निकाल दिला: कोड आहे. घाबरायचं कारण नाही, संसर्ग होत नाही, दुखत नाही, खाण्यापिण्याशी संबंध नाही. औषध केलं तर ठीक, नाही केलं तरी माणूस मरत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. चहाचं तिनं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. तिला चहा आठवत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटत होतं तो विषय मी केव्हाच जिंकलेला आहे.

तिनं बाजारातून कोडावरचं बावचीचं तेल आणलं, मला न सांगता. ते लावून हात उन्हात धरायचा असतो. एके दिवशी बायकोला तिची बाही ओली दिसली. आत हा एवढा फोड येऊन फुटलेला. "आत्याबाई, आग हुत न्हाई का ओ?" तर आई म्हणाली, "काय न्हाई होत. उगं तू बोभाटा करू नगंस." मला बायकोनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, आग होत नाही ना, मग वरवरचा आहे, सुकेल. त्वचा हे ज्ञानेंद्रिय आहे, हे मी दर वर्षी आठवीला शिकवतो.

दुसरं एक होतं. आई तापलेला तवा चुलीवरून फडक्याशिवाय उतरवायला लागली होती. मी कौतुकानं म्हणायचो, आमच्या आईचे हात मुरलेत. बायको एकदा म्हणाली, "मुरल्यात कसले. काल मला करपल्याचा वास आला म्हनून बघितलं तर करंगळी तव्याला चिकटल्याली." मी म्हणालो, तू जरा जास्तच बघतेस.

त्याच वर्षी उन्हाळा लागायच्या आधी गावातली आशाताई घरोघरी तपासणीला आली. ती दर वर्षी येते. हातात यादी, खडू, गळ्यात ओळखपत्र. आमच्याच आळीतली सून आहे ती, बारावीपर्यंत शिकलेली.

"सर, घरात कुनाच्या अंगावर चट्टा? फिकट, लालसर, हात लावल्याला कळत न्हाई असा?"

"आईच्या हातावर आहे. पण ते कोड आहे."

"मावशीला बोलवता का? मी बघते फकस्त."

"कोडात तुम्ही काय बघणार? तुमचा कागद कुष्ठरोगाचा आहे. आमच्या घरात तसलं काही नाही."

आत आई भांडी घासता घासता थांबली होती, ते मला आवाजावरून कळलं.

"सर, तुमी शिकल्याली मान्सं," आशाताई म्हणाली. "तुमीच असं म्हनल्याव मी फुडं काय बोलू?" तिनं कागदावर निरंक लिहिलं, दारावर खडूनं खूण केली आणि पुढच्या घराला गेली.

मी तसं का बोललो ते लिहिलं पाहिजे. मला खात्री होती म्हणून नाही. तो शब्द आमच्या दारात उच्चारला गेला हेच मला सहन झालं नाही. गावात त्याला अजून महारोग म्हणतात. तो शब्द डेअरीपर्यंत गेला असता तर आमचं दूध कोणी घेतलं नसतं. आणि स्टाफरूमपर्यंत गेला असता तर माझ्या डब्यातली भाकरी कोणी घेतली नसती. हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यातून गेलं, आणि बाहेर आलं ते विज्ञान.

दिवाळीनंतर दूध कमी यायला लागलं. म्हैस लाथा मारायची. चांगली घोडेगावच्या बाजारातून पारखून आणलेली, शांत म्हैस. आई म्हणाली, "फिरली ती. नेऊन इका तिला." बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्हशीचं कायबी न्हाई. आत्याबाईंची मूठ सुटती. त्या आता चिमटीनं काढत्यात."

मी आईला हात पुढं करायला लावला. करंगळी आणि शेजारचं बोट आकड्यासारखी वळलेली. सरळ कर म्हणालो तर सरळ होईनात. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसल भाग खोल गेलेला.

"थंडीचं हाय," आई म्हणाली.

मी राहुरीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणालो. आई म्हणाली, मी वैद्याकडंच येईन. का, तर त्यांना खाण्यापिण्यातलं कळतं. मी वाद घातला. ती म्हणाली, "तुजं मी लई ऐकलं. आता येकदा माजं ऐक." आवाज चढला नव्हता. मी गाडी काढली.

वैद्य साठ-पासष्टचे, पांढरा सदरा, टेबलावर वही आणि काचेच्या दोन बरण्या. त्यांनी चट्टा पाहिला, बोटं पाहिली आणि मग अर्धा तास आईला नुसतं खाण्याबद्दल विचारत राहिले. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. मनात माझं भाषण तयार होतं.

"विरुद्ध काही खाण्यात आलं का, मावशी?"

आई जमिनीकडे बघून म्हणाली, "व्हय. मासं आन दूध."

"चुकून?"

"न्हाई. लई येळा. दोन वर्सं."

"कोणी सांगितलं?"

"मीच घेतलं," आई म्हणाली.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

वैद्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपण काय करता?"

"बी.एस्सी., बी.एड. विज्ञान शिकवतो."

"बरं," ते म्हणाले. मला वाटलं आता सुरू होणार. पण त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी बरणीतून कापूस काढला आणि त्याचं टोक वातीसारखं पिळलं. "मावशी, डोळे मिटा. कापूस लागला की हं म्हणा."

डाव्या हातावर कापूस लावला. हं. पुन्हा लावला. हं. उजव्या दंडावर. हं. मग चट्ट्यावर. आई गप्प. चट्ट्याच्या मधोमध, कडेला, खाली मनगटाकडे, करंगळीवर, तळव्याच्या कडेला. ते लावत गेले. आई डोळे मिटून, मान जरा तिरकी करून, नीट लक्ष देऊन बसली होती. वर पंखा फिरत होता.

"करा की सुरू, वैद्यबुवा," ती म्हणाली. "धारंला उशीर हुतोय."

त्या वेळी मला काय वाटलं ते मी नंतर पुष्कळदा आठवायचा प्रयत्न केला. काही वाटलं नाही. वैद्यांच्या टेबलावर एक रबरी शिक्का होता, त्यावरची उलटी अक्षरं मी वाचत होतो, एवढं आठवतं.

त्यांनी आईच्या कोपरामागं बोट फिरवलं, माझं बोट धरून तिथं ठेवलं. आत सुतळीसारखी जाड शीर हाताला लागली. "ही नस अशी लागायला नको. हे कोड नाही. कुष्ठरोग आहे असं मला वाटतं. मी औषध देणार नाही. सरकारी दवाखान्यात जा, आजच जा. तिथं गोळ्या फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. हाताचं मात्र सांगता येत नाही, उशीर झालाय."

मी विचारलं, "मग दूध-मासे?" का विचारलं कोण जाणे. जिंकायचं राहिलं होतं बहुतेक.

"ग्रंथांत आहे ते. त्वचारोगांच्या कारणांत विरुद्ध आहार सांगितलाय, आणि मी तो पाळायला सांगतो. पण त्याच ग्रंथांत त्वचेला स्पर्श कळेनासा होतो हे लक्षणही सांगितलंय. लोकांनी दूध-मासे तेवढे पाठ केले. कापूस कोणी लावून बघत नाही." मग थांबून म्हणाले, "तुम्हीही लावला नाहीत."

सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गेलो, बायकोही आली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी "या आजी" म्हटलं तर आई म्हणाली, "आजी नगं म्हनू बाई, अजून धारा काढते मी." त्या हसल्या आणि पुन्हा सगळं तपासलं. चट्टा मला दाखवून म्हणाल्या, कोड दुधासारखं पांढरं असतं, हे नुसतं फिकट आहे. आणि कोडावर स्पर्श कळतो. निदान कशावरून केलं होतं?

"फोटोवरून," मी म्हणालो.

त्या लिहीत राहिल्या. मग विचारलं, "बोटं कधीपासून वाकली? नीट आठवून सांगा. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर नस सुधारायची बरीच आशा असते."

"दिवाळीपासून," आई म्हणाली.

"न्हाई ओ डॉक्टर," बायको म्हणाली. "उन्हाळ्यात आमी कुरडया घातल्या तवाच आत्याबाईंना सोऱ्या दाबता येत नव्हता. मी म्हनलं, सरका, मी दाबते."

उन्हाळा म्हणजे आठ महिने. डॉक्टरांचं पेन थांबलं, मग त्यांनी आकडा लिहिला. आशाताई आली होती तेव्हा बोटं सरळ होती. हा हिशेब मी तिथंच उभ्याउभ्या केला. बरोबर आला.

बारा महिने गोळ्या. नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या. लघवी लाल होईल, अंग काळवंडेल, घाबरायचं नाही. आम्हा दोघांनाही तपासलं आणि आम्हाला रोग लागू नये म्हणून एकेक डोस दिला. उठताना आईनं विचारलं, "बाई, दूध आन मासं खाल्ल्यानं झालं का गं हे?"

"नाही हो. हा जंतू असतो. औषध न घेतलेल्या कोणाच्या तरी श्वासातून येतो आणि कित्येक वर्षं अंगात गुपचूप राहतो. तुम्ही ते खाल्लं त्याच्या आधीच तो आत असणार. एखाद्याला माशाची किंवा दुधाची ॲलर्जी असली तर अंगावर पित्त उठतं, ते वेगळं. दूध-माशानं कुष्ठरोग होत नाही, कोडही नाही."

माझं म्हणणं खरं निघालं होतं. शब्दन् शब्द. त्यातून सुटका वाटेल अशी मी वाट बघितली. आम्ही औषधांच्या खिडकीसमोर रांगेत उभे होतो तोवर वाट बघितली.

बाहेर गाडीपाशी आई म्हणाली, "चांगली हाय बाई. तुझ्या तोंडाव कसं बोलायचं म्हनून म्हनली तसं."

"आई, तसं नाही. खरंच नाही होत त्यानं."

"बरं, न्हाई हुत." तिनं पदर नीट केला. "मला पैल्यांदा दिसलं तवाच मी वळखलं, माशावर प्याल्याल्या त्या चाचं हाय. पर म्हनलं असतं तर समदा गाव म्हनला असता, गुरुजीच्या शिकन्यानं आईला कोड फुटलं. तुजी पाटी हाय दाराव. म्हनून झाकलं."

म्हणजे उपास त्यासाठी होते, बाह्या त्यासाठी होत्या. तिनं झाकलं माझ्या शिक्षणाला बोल लागू नये म्हणून, आणि मी झाकलं तेही त्याचसाठी. दोघांनी मिळून चांगलं झाकलं. मी गाडीला किक मारली. बायको मागं बसली नाही, म्हणाली तुम्ही दोघं व्हा पुढं, मी एस.टी.नं येते.

गोळ्यांचं पाकीट दर महिन्याला आशाताई घेऊन यायची. पिशवीत, भाजीखाली ठेवून. पहिल्या वेळी दारात उभी राहून म्हणाली, "सर, आता बघू का हात?" मी बाजूला झालो. एवढंच ती मला बोलली. गावात तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मला बोलायला तोंड नव्हतं.

आई काळवंडली. चुलती म्हणाली, ऊन बाधलं तुला. आई म्हणाली, व्हय. धार बायको काढायला लागली, कारण हाताला विश्रांती द्या असं सांगितलं होतं. रोज संध्याकाळी आईचा हात कोमट पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, बोटं एकेक करून सरळ करायची आणि कुठं चीर, भाजलेलं, काटा आहे का ते डोळ्यांनी बघायचं, कारण तिला कळणार नाही. ते काम मी करतो. पाणी आधी मी माझ्या हातानं बघतो. आई तोवर टीव्ही बघते. करंगळी माझ्या चिमटीत असते आणि तिला ते ठाऊक नसतं. एकदा बोटाच्या पेरात बाभळीचा काटा पूर्ण आत गेलेला सापडला. किती दिवसांचा होता देव जाणे.

दूध-माशानं काही होत नाही हे मी अजूनही म्हणतो. शाळेत कोणी विचारलं तर सांगतो. पण भाषणात आईची गोष्ट सांगत नाही. चट्टा असेल तर कापूस लावून बघा, हे सांगतो. पोरं टाळ्या वाजवत नाहीत.

बारा महिने पुरे झाले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, रोग गेला. शेजारचं बोट बरंचसं उघडलं होतं. करंगळी तशीच होती. शस्त्रक्रियेनं ती सरळ करता येते, त्यासाठी पुण्याला पाठवू. स्पर्श मात्र परत येणार नाही. आई म्हणाली, "सरळ करून काय करू बाई? कळनारच न्हाई तर."

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी तिनं बादली उचलली. ती म्हशीखाली बसली, कासेला पाणी मारलं, सड धरला. पूर्वी ती धार काढताना कुठंही बघायची, रस्त्याकडे, आमच्याकडे. आता मान वाकवून सडाकडे बघत होती. दाब किती पडतोय ते डोळ्यांनी बघायला लागत होतं. पहिली धार बादलीच्या बाहेर गेली, दुसरी आत पडली. तिसऱ्या वेळी तिनं जास्त आवळलं असावं, म्हशीनं पाय झाडला आणि बादली कलंडली. आई तशीच बसून राहिली. पुन्हा सड धरला. म्हैस सरकली. पुन्हा धरला. मग उठली आणि बादली सुनेच्या हातात दिली.

"धर गं," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

बायको बसली, पण बिचकलेल्या म्हशीनं पान्हा चोरला. एक थेंब येईना. वर्षभर तिच्याच हाताची सवय झालेली, तरी येईना. आई ओल्या हातानं परत आली, म्हशीच्या पाठीवर डावा हात ठेवून नुसती उभी राहिली. थोड्या वेळानं बादलीत धार वाजायला लागली.

तेव्हापासून तसंच चालतं. पहाटे आणि संध्याकाळी दोघी गोठ्यात असतात, एक खाली बसलेली, एक पाठीवर हात ठेवून उभी. दूध पूर्वीइतकंच निघतं. डेअरीला घालायला मी जातो.